ही प्रत अस्सल नाही

पडद्यावर खाडीचा फुटलेला बांध होता आणि त्याच्या डोक्यावर पिवळी पट्टी. इंग्रजी. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी ती वाचली आणि सगळ्यांना मराठीत सांगितली, "ही प्रत अस्सल नाही."

लॅपटॉप माझा. भातशेतात खारं पाणी कसं शिरलं, ते ग्रामसभेला दाखवायला आठ दिवस बांधावर फिरून मी फोटो काढले होते. गावाचा अर्ज टाइप केला होता.

"हे काय?" साहेब म्हणाले.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सर हसले. सर म्हणजे गावातल्या कॉम्प्युटर क्लासचे मालक. नारळ-सुपारीच्या वाडीचेही मालक. माझी आई त्यांच्याच वाडीत सुपारी सोलते.

"चोरीचं आहे, साहेब. या लोकांकडे अस्सल काय असणार?"

सभा हसली. आमच्या आळीतलेही हसले. साहेबांनी फाइल मिटली. "आधी स्वतःचं चोख करा, मग बांधाचं बोलू." पुढचा विषय रस्त्यावरच्या दिव्यांचा.

मी खाली बसले. लाज मला वाटली. मला!

ती पट्टी ज्या सॉफ्टवेअरची, ते माझ्या लॅपटॉपवर सरांनीच टाकलं होतं. स्वतःच्या पेनड्राइव्हवरून. "ओरिजिनल आहे पोरी, काळजी नको." अख्ख्या क्लासला असंच दिलं. गुरुपौर्णिमेला ज्यांच्या पाया पडलो, त्यांनीच आम्हांला चोर केलं, आणि चारचौघांत चोर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सर दारात. "मनावर घेऊ नकोस गं. आण इकडे, ती पट्टी घालवून देतो."

पुन्हा तीच चोरी. वर उपकार.

आई आतून म्हणाली, "दे की गो. सर हायत ते. उद्या वाडीत जायचं हाय मला."

मी लॅपटॉपचं झाकण मिटलं. "नको, सर."

"मग काय पाटीवर लिहिणार?"

त्याच आठवड्यात सगळं पुसून लिनक्स टाकलं, विंडोजच्या जागी चालणारं, कुणालाही फुकट आणि राजरोस मिळणारं. मोबाइलवर बघत बघत. दोनदा फसलं. प्रिंटरने तीन दिवस रडवलं. मग तसंच मोकळं मिळणाऱ्या लिब्रे ऑफिसात अर्ज पुन्हा टाइप केला. त्याचा परवाना शब्द न् शब्द वाचला. वापरा, उघडून बघा, बदला, प्रत काढून दुसऱ्याला द्या. प्रत काढून द्या! ज्याच्यासाठी मी चोर ठरले, तो इथे हक्क आहे. सर हे पहिल्याच दिवशी शिकवू शकले असते. शिकवलं नाही. शिकवलं असतं, तर आम्ही दर वेळी त्यांच्या दारात कशाला गेलो असतो?

सरांना नको म्हटलं, त्या दिवसापासून आईला वाडीतून बोलावणं नाही. आई माझ्याशी धड बोलत नाही. तिचं चुकतंय, असं मी म्हणणार नाही.

क्लासमधल्या पाच जणींना मी शेजारी बसवलं. त्यांच्या मशीनवर लिनक्स त्यांनीच टाकलं. मी कीबोर्डला हात लावला नाही.

येत्या सभेत बांधाचा अर्ज मीच मांडणार. पडद्यावर पट्टी नसेल. साहेब विचारोत न विचारोत, माझं पहिलं वाक्य हे असेल: मागची चोरीची प्रत सरांनी दिली होती. सर पुढच्या खुर्चीत असतील. त्यांच्याकडे बघून बोलणार.