मागच्या वर्षाची डायरी

माझे हात कोपरापर्यंत साबणात होते आणि बाहेरच्या खोलीत वहिनी माझी डायरी वाचून दाखवत होत्या.

संक्रांतीचं हळदी-कुंकू. खोलीभर बायका, काळ्या जरीच्या साड्या, अत्तराचा वास. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. दार उघडंच होतं. मला सगळं दिसत होतं, सगळं ऐकू येत होतं.

"ऐका गं, आमच्या बाईंचं साहित्य," वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी माझा आवाज काढला. "'आज कारखान्याचं गेट बंद झालं. हे घरी आले. बूट पण नाही काढले, तसेच बसले. दोपारला मी म्हटलं, जेवा. तर बोलले, नक्को.' दोपार! नक्को!"

हसल्या सगळ्या. एक जण म्हणाली, "अय्या, किती गोड!"

गोड. माझ्या नवऱ्याचं काम गेलं तो दिवस होता तो. लेथचा छोटा कारखाना. बाहेरचा माल स्वस्तात येऊ लागला, तसा मालकानं कारखाना मोडला आणि जागा फ्लॅटवाल्याला दिली. देश खुला झाला, असं सगळे म्हणत होते. आमच्याकडे गेटला कुलूप लागलं होतं.

माझी स्वप्ना त्या बायकांत होती. नऊ वर्षांची. शाळेला सुट्टी म्हणून बरोबर आणलेली, तिळगुळाची थाळी फिरवायला. बाकीच्या हसल्या तशी तीही हसली. कशावर हसताहेत, ते तिला अर्धंच कळलं असेल. पण हसली. आपल्या बापावर.

मला धावत जाऊन डायरी हिसकावायची होती. पण हात ओले. मी शाईच्या पेनानं लिहिते, ओला हात लागला की पान गेलं. पदर भिजून चिंब. ओट्याजवळ पांढरा नॅपकिन टांगलेला होता. तो आमच्या हातांसाठी नाही, हे मला कामाच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी तशीच उभी राहिले. साबणाचं पाणी कोपरावरून फरशीवर गळत होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

आणि ती डायरी त्यांनीच दिलेली.

वहिनी पुण्याच्या. नवरा कॉम्प्युटरच्या कंपनीत, कुकटपल्लीत मोठा फ्लॅट. "मॅडम नको गं, वहिनी म्हण. परक्या गावात आपण मराठी माणसं," असं म्हणाल्या होत्या. किती बरं वाटलं होतं मला. मी पोळ्यांच्या कामाला गेले होते. मग त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या जरा थांबल्या. "बरं, मग तू भांडी-फरशी कर. पोळ्यांना बघते मी दुसरं कुणी." घर चालवायचं होतं. मी ते काम घेतलं.

आदल्या संक्रांतीला त्यांनी बायकांना वाण म्हणून स्टीलचे डबे दिले. प्रत्येकीला स्वतःच्या हातानं कुंकू लावलं. सगळ्या गेल्यावर मला हाक मारली. कुंकवाचा करंडा माझ्यापुढे सरकवला. "घे गं लावून." डबे संपले होते, म्हणून साहेबांच्या कंपनीची एक डायरी हातात ठेवली. मागच्या वर्षाची. कोरी. "पोरीला रफ कामाला होईल."

मी ती पोरीला दिली नाही.

माझी आई इथेच, काचीगुडा स्टेशनाबाहेर भाजी विकायची. ती गेली तेव्हा तिच्या हातचं म्हणून एकच उरलं, रेशनकार्डावरचा अंगठा. ती कशाला भ्यायची, एकटी असली की काय गुणगुणायची, मी पोटात असताना तिला काय खावंसं वाटलं, मला काही म्हणजे काही माहीत नाही. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. मी तर मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. माझ्या पोरीला माझा नुसता अंगठा मिळू नये, एवढंच मनात होतं. म्हणून लिहायला लागले. छापलेला वार खोडायचा, खरा वार घालायचा. दुपारी एका घरचं काम संपवून दुसऱ्या घरी जायच्या आधी थोडा वेळ मिळे. लिफ्ट आम्हाला नव्हती, त्यामुळे जिना आमचाच. तिथे पायरीवर बसून लिहायची. नळाला पाणी आलं नाही ते. स्वप्नाचा दात पडला ते. भांडण झालं ते.

हळदी-कुंकवाच्या दिवशी घाईत डायरी फ्रिजवर राहिली. वहिनी तिळगुळाचा डबा न्यायला आत आल्या आणि कंपनीचं कव्हर त्यांनी ओळखलं. "आमच्याबद्दल काय काय लिहितेस, बघू तरी!" म्हणत घेऊन गेल्या. मी "वहिनी, ते नक्को," म्हणेपर्यंत त्या बाहेर पोचल्याही होत्या.

आता त्या पानं उलटत होत्या. "आमचं तर नावच नाही गं यात कुठे!" जरा हिरमुसल्याच. खरंच नव्हतं. 'कामाला गेले' एवढंच असायचं. मग एका पानावर त्या थांबल्या आणि पुन्हा माझा आवाज काढला.

"'आज स्वप्ना परत अंथरुणात मुतली. बापाचं काम गेल्यापासून असं होतंय. आज ते लई ओरडले तिच्यावर. मी चादर धुतली, कुणाला बोलले नाही.'"

वहिनींची मुलगी "शी!" करून हसली. ती स्वप्नाच्याच वयाची. स्वप्ना तिच्या शेजारी थाळी धरून उभी होती. ती आता हसत नव्हती. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला आजही सोसत नाही.

मी नॅपकिन ओढला. पांढरा. दोन्ही हात पुसले. एकेक बोट पुसलं, नखांच्या कडा पुसल्या. मग बाहेर गेले आणि वहिनींच्या मांडीवरून डायरी उचलली.

"अगं, गंमत केली. एवढं काय त्यात?" वहिनी म्हणाल्या. "आपली म्हणून ठेवलीय ना तुला? चल, वाण घे. या वर्षी डबा ठेवलाय तुझ्यासाठी." आणि करंडा पुढे सरकवला.

सवाष्णीनं वाण नाकारायचं नसतं. अशुभ मानतात. मला ठाऊक होतं.

"नक्को," मी म्हटलं. या वेळी कुणी हसलं नाही.

जिंकल्यासारखं वगैरे काही वाटलं नाही. काम गेलं. त्याच बिल्डिंगमधली बाकीची घरंही सुटली. 'ती घरातलं लिहून ठेवते' असं पसरलं होतं. नवरा म्हणाला, "आता डायरी खायची का?" त्याचं खोटं नव्हतं. पण त्या दिवशी घरी जाताना स्वप्ना बसस्टॉपवर एकच वाक्य बोलली होती, ते जास्त लागलं. "आई, माझ्याबद्दल नक्को लिहू."

जिच्यासाठी लिहिलं, तिलाच त्या कागदानं भर बैठकीत नागडं केलं. पान फाडायला घेतलं, फाडवलं नाही. लिहायला बसले, लिहवलं नाही. कितीतरी दिवस डायरी पत्र्याच्या पेटीत तांदळाच्या पिशवीखाली पडून होती. मी नवी कामं शोधत हिंडत होते. पोर माझ्याशी कामापुरतं बोलत होती.

मग एका दुपारी मनात आलं, आईनंही असंच केलं असणार. लाज वाटली, गिळली. भीती वाटली, गिळली. गिळता गिळता ती स्वतःच संपली आणि मला अंगठा राहिला. त्या दुपारी मी ते हळदी-कुंकू लिहून काढलं. कोण हसलं. कुणी गोड म्हटलं. वहिनींचं नाव माझ्या डायरीत पहिल्यांदा आलं. पूर्ण नाव, आडनावासकट. स्वप्ना बापावर हसली तेही लिहिलं. खोडलं नाही.

आज स्वप्ना तसल्याच एका कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. स्वतःचा फ्लॅट, लिफ्टवाला. मी अजून रोज लिहिते, पेटी भरत आली आहे. शिकली इंग्लिश मीडियममध्ये, पण शाळेतल्या हिंदीमुळे तिला अक्षरं लागतात, मराठी अडखळत वाचते. पण पेटीला तिनं कधी हात लावला नाही. नव्या घरी सामान हलवताना म्हणाली, "आई, ये पेटी नक्को ना. कुणी वाचलं तर? लोगां क्या बोलेंगे? फाडून टाकू सगळं."

मी तिला समजावलं नाही. तिचं नाव गाळून दुसरं काही लिहून देते, असंही म्हणाले नाही. पेटी ओढत तिच्यासमोर आणली आणि किल्ली तिच्या हातात दिली.

"फाड," मी म्हटलं. "तुझीच आहे. पण एकेक पान वाचून फाड."