उपासाच्या दिवशी घेतलेले टायर

थेन जेप्सन देवाला विचारल्याशिवाय काही करत नसे. मेंढा घ्यायचा असो, गोठ्याला रंग द्यायचा असो की दाढ काढायची असो, आधी गुडघे टेकायचे आणि मगच पाकिटाला हात घालायचा. आमच्या सेजवेल गावात प्रार्थना सगळेच करतात, पण गोठ्याचा रंग तरी बाकीचे आपल्या अकलेने ठरवतात. त्याची बायको आर्विला म्हणायची, "तुझ्या एकट्याच्या कामासाठी वर वेगळा देवदूत बसवला असणार. आणि तो बदलीचा अर्ज देऊन बसला असणार."

जन्मभर त्याने काउंटीच्या रस्त्यांवर सपाटीचं यंत्र चालवलं. निवृत्त झाल्यावर गावातल्या म्हाताऱ्यांच्या दारातला बर्फ ओढणं, मयताच्या जेवणाला खुर्च्या मांडणं, कोणाची गाय नदीपलीकडे गेली तर हुडकून आणणं, ही कामं न सांगता त्याच्याकडे आली. त्यासाठी त्याची जुनी जीप होती. चारही चाकं ओढणारी, दार लावताना दोनदा आपटावं लागणारी, पण कधी कोणाला मध्येच न सोडणारी.

त्या ऑक्टोबरात मात्र जीपचे टायर पार गुळगुळीत झाले होते. नुसत्या दवावरून गाडी घसरायची. दोन रिमाही दगडांवर आपटून वाकल्या होत्या. एरवी थेनने आणखी एक हिवाळा रेटला असता, पण मेल्वा आत्याने त्याच्याकडून शब्द घेतला होता.

मेल्वा आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची बहीण. ऐंशी कधीच ओलांडलेली. तिचे गुडघे म्हातारे झाले होते, जीभ झाली नव्हती. तिचा बाप, म्हणजे थेनचा आजोबा, उन्हाळाभर पठारावर मेंढरं राखायचा आणि ॲस्पेनच्या झाडांच्या पांढऱ्या सालीवर चाकूने नावं कोरायचा. त्यात एक नाव लहानग्या मेल्वाचं होतं.

"मला एकदा वर ने रे," ती म्हणाली होती. "ते झाड बघायचंय. पुढच्या वर्षी मी असेन, पण हे गुडघे असतील की नाही, ते सांगता येत नाही."

"नेतो, आत्या. बर्फाच्या आत नेतो."

पहिला बर्फ पडला की जंगलखातं पठाराच्या रस्त्याचं फाटक लावून घेतं, ते थेट उन्हाळ्यात उघडतं. आणि रेडिओवाला तर येत्या बुधवारीच बर्फ सांगत होता.

टायर कसले घ्यावेत यावर गावात सल्ल्यांची वाण नव्हती. आदल्या रविवारी चर्च सुटल्यावर पुरुषमंडळींचे दोन तट पडले होते. एक तट म्हणे, टायर अरुंद हवा, चिखल कापत खालच्या टणक जमिनीपर्यंत पोचला पाहिजे. दुसरा म्हणे, रुंद हवा, वाळूवर तरंगला पाहिजे. बायका गाड्यांत बसून हॉर्न वाजवायला लागल्या तेव्हा कुठे सभा मोडली.

"जे होते तेच घे," आर्विला म्हणाली. "दाराच्या आत चिकटवलेल्या कागदावर माप लिहिलंय. ज्यांनी गाडी बनवली त्यांनी लिहिलंय."

"त्यांना आपला पठाराचा रस्ता काय माहीत?"

"आणि तुला?"

"मी विचारून बघतो," थेन म्हणाला आणि त्याने वर बोट दाखवलं.

योगायोगाने पुढचा शनिवार-रविवार महिन्याच्या उपासाचा होता. सगळं गाव शनिवारी संध्याकाळपासून उपास धरतं. प्रश्न टायरांचा असल्यामुळे थेनने सकाळपासूनच धरला. अन्न नाही, पाणी नाही. अशा रिकाम्या पोटाने तो शेजारच्या गावी डेव्हॉनच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

डेव्हॉनने आधी साध्या मापाचे, बेताच्या नक्षीचे टायर दाखवले. पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलासारखे होते ते. त्यांच्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं आणि बघण्यासारखंही काही नव्हतं. मग थेनची नजर मागच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे काळ्याभोर रुंद रिमांवर चढवलेले चार टायर उभे होते, त्याच्या मांडीच्याही वर येणारे. खाचा इतक्या खोल की त्यांत मूठ मावावी. थेन त्यांच्यापाशी गेला, डोळे मिटले आणि त्याने विचारलं. आणि खरोखरच छातीत काहीतरी ऊबदार पसरत गेलं. आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात, उत्तर येतं ते असंच येतं.

"हेच," तो म्हणाला.

"थेन भाऊ, हे मोठे पडतील," डेव्हॉन म्हणाला. "गाडी चांगलीच उंच होईल."

"रस्ता खडकाळ आहे. उंच बरी."

"रिमाही रुंद आहेत. टायर बाहेर येतील. स्टेअरिंग पूर्ण फिरवलंत तर मडगार्डाला घासतील थोडे."

"थोडे म्हणजे?"

"म्हणजे सरळ जायचं असेल तर अजिबात नाही."

पठाराच्या रस्त्यावर सरळ असं काही नाही, हे डेव्हॉनलाही ठाऊक होतं. तो तोंड उघडणार इतक्यात थेनने आभार मानायला पुन्हा डोळे मिटले. प्रार्थना करणाऱ्या माणसाला मध्येच तोडायची पद्धत आमच्या बाजूला नाही. डेव्हॉन गुपचूप जॅक आणायला गेला.

एवढ्यावर थांबतं तरी निभावलं असतं. पण उपासाच्या रविवारी चर्चमध्ये ज्याला वाटेल त्याने उठून देवाच्या कृपेची साक्ष द्यायची असते. कोणी आजारातून उठल्याचं सांगतं, कोणी मुलाचं पत्र आल्याचं. थेन उठला आणि टायरांचं सांगितलं. ऊब कशी आली, कुठून कुठे पसरली, सगळं. सांगता सांगता त्याचे डोळे भरून आले. मागच्या बाकावर अरुंद टायरवाला तट चुळबुळला, पण देवाशी वाद कोण घालणार? बिशपसुद्धा भारावून 'आमेन' म्हणाले.

घरी जाताना आर्विलाला जीपमध्ये चढायला दोनदा प्रयत्न करावा लागला. तिने दार दोनदा आपटून लावलं. मग म्हणाली, "डेव्हॉनच्या दुकानातला तो मोठा हीटर अजून मागच्या कोपऱ्यातच आहे का रे?"

थेनने थोडा विचार केला. "आहे."

"आणि तू कुठे उभा होतास?"

थेनचा एक हात नकळत पाठीकडे गेला.

"पोटात काही नव्हतंच," आर्विला म्हणाली. "पाठीला ऊब लागली की जिवाला बरं वाटतं. मलाही वाटलं असतं."

"पण मी साक्ष देऊन बसलो ना."

"तेच तर म्हणते मी. एरवी उद्या जाऊन बदलून आणले असते. आता सगळ्या मंडळींसमोर टायर परत कसे करशील? आणि मेल्वा आत्या या माडीवर चढणार कशी?"

थेनला आत्तापर्यंत ते सुचलंच नव्हतं. त्याने सगळ्याचा विचार केला होता, खडकांचा, चिखलाचा, वाळूचा. ज्या बाईसाठी टायर घ्यायला गेला, तिच्या गुडघ्यांचा तेवढा केला नव्हता. त्या संध्याकाळी उपास सोडता सोडता तो बोटांवर दिवस मोजत बसला. तीन दिवसांत बर्फ येणार, फाटक लागणार, आणि आत्याला दिलेला शब्द त्या काळ्या रिमांवर अधांतरी लटकत राहणार.

मंगळवारी सकाळी मेल्वा आत्या ठेवणीतला कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून दारात तयार उभी होती. तिने जीपकडे पाहिलं. मग मान वर करून पुन्हा पाहिलं.

"याची शिडी कुठंय?"

थेनने स्टूल ठेवून पाहिलं. आत्याचा एक पाय स्टुलावर गेला, पण दुसरा जमीन सोडेना. आर्विलाने मागून आधार दिला, तसं स्टूल डुगडुगलं आणि तिघंही जीपच्या दारावर आपटली.

"राहू दे," आत्या म्हणाली. हसतच म्हणाली, पण रुमालाची गाठ सोडायला लागली. "झाड कुठं जात नाही. मी घरीच बरी."

तिची ती गाठ सोडणारी बोटं थेनला बघवेनात. तो तिच्या अंगणापुढच्या पाटाकडे बघायला लागला. पाटाचं पाणी कधीच बंद झालं होतं, खोल पाट कोरडा पडला होता. आणि त्याला एकदम आठवलं, बाजाराला जनावरं न्यायची असली आणि फळी नसली, की आपण काय करतो.

"आत्या, गाठ बांध परत," तो ओरडला आणि उडी मारून गाडीत बसला. जीप मागे मागे घेत त्याने सरळ पाटात उतरवली. चारही चाकं खाली गेली, आणि पुढची सीट बरोबर काठाच्या जमिनीला येऊन लागली.

आत्याने कमरेवर हात ठेवले. "अरे, गाय चढवतात अशी!"

"हो. पण गाय एवढं बोलत नाही."

"गायीला कोणी ठेवणीतला कोट घालायला लावत नाही," असं म्हणत आत्या घरात पाऊल टाकावं तशी आत येऊन बसली. आर्विलाने तिच्या मांडीवर जेवणाची टोपली दिली आणि नवऱ्याच्या कानाशी म्हणाली, "पाटातून बाहेर येताना मात्र डोळे उघडे ठेव."

जीप दोन हिसक्यांत पाटातून वर आली. वरच्या रस्त्यावर पहिल्याच वळणाला टायर मडगार्डाला असे कर्रकन घासले की झाडावरचे कावळे उडाले. पूर्ण वळण एका दमात घेता येईना. थोडं पुढे, मग मागे दरीकडे, मग पुन्हा पुढे. प्रत्येक वळणाला हाच खेळ.

"थेन," मागे सरकताना आत्या खाली बघत म्हणाली, "मला वर जायचंय हे खरं, पण पठारापर्यंतच."

"घाबरू नको, टायर पकड सोडत नाहीत."

"तू साक्ष दिलीयेस, माहीत आहे मला. अख्ख्या गावाला माहीत आहे."

वर पोचल्यावर थेनने गाडी डोंगराच्या उताराला अंग लावून उभी केली, तशी आत्या सहज उतरली. ॲस्पेनचं रान पिवळंधमक झालं होतं. झाड शोधायला वेळ लागला. आत्या 'खडकापाशी' म्हणत होती आणि खडक सगळीकडेच होते. शेवटी तीच एका खोडापुढे थांबली. लहान मुलीच्या डोक्याएवढ्या उंचीवर काळी, फुगलेली अक्षरं होती. खोड जाड होत गेलं तशी ती आडवी ताणली गेली होती, पण नाव वाचता येत होतं.

आत्याने थेनचा दंड धरला, वाकली आणि हातमोजा काढून त्यावरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिली.

"माझ्यासारखीच रुंद झालीत," ती म्हणाली.

मग नाक पुसून म्हणाली, "टोपलीत काय दिलंय आर्विलाने?"

दोघांनी मान खाली घालून अन्नाची प्रार्थना केली आणि तिथेच खडकावर बसून सँडविच आणि बाटलीतले पीच खाल्ले. आभाळ खाली यायला लागलं तेव्हा निघाले.

परतताना गावाच्या पहिल्या घरापाशी आल्यावर थेन म्हणाला, "आत्या, पुढच्या उपासाच्या रविवारी मी उठून सांगणार, की तो हीटर होता. आणि टायर बदलून टाकणार. डेव्हॉन वापरलेले म्हणून जेवढ्याला घेईल तेवढ्याला घेईल."

आत्याचं लक्ष नव्हतं. ती काचेला नाक लावून बसली होती. "हळू चालव. अगं बाई! बिशपच्या परसात एवढं तण? आणि आपल्याला श्रमावर प्रवचन देतात?"

थेनने बघितलं. खरंच, या सीटवरून गावातल्या सगळ्या कुंपणांपलीकडचं स्वच्छ दिसत होतं.

"शेजारच्या लॅव्हॉनने नवीन कोंबड्या आणल्यात. बोलली नाही मला. आणि ते बघ, वाळत घातलेल्या चादरी, अजून मागच्याच आठवड्यातल्या. आणखी हळू घे रे."

तिच्या दारापुढे थेनने जीप पुन्हा पाटात उतरवली. सीट काठाला लागली. दार उघडलं. आत्या जागची हलली नाही.

"तुला काय ते हीटरचं सांगायचं असेल तर सांग," ती म्हणाली. "खरं ते सांगावं माणसाने. पण टायरांना हात लावलास तर बघ."

"बरं. आता उतर, आत्या. आर्विला वाट बघत असेल."

"बघू दे. चर्चमागची गल्ली राहिलीय," आत्या म्हणाली आणि हात लांबवून तिने दार दोनदा आपटून लावून घेतलं.