ग्वे-क्याउ काकूंच्या काळजातली थंडी

हे लिहिणारच नव्हते मी. लिहून दोनदा खोडलं. पण काल काकूंच्या दुकानाचं शटर अर्धंच वर दिसलं आणि राहवलं नाही.

आमच्या च्याई शहरात थंडी पडली की देवळामागच्या गल्लीत ग्वे-क्याउ काकूंकडे बुटक्या स्टुलांवर माणसं दाटीवाटीनं बसणार, मातीच्या भांड्यात आलं, तिळाचं तेल, तांदळाची दारू आणि बदक रटरटणार, हे ठरलेलं. काकू स्वतः आयुष्यात कधी बर्फाचा चहा प्यायल्या नाहीत. बाळंतपणानंतर महिनाभर डोक्यावरून पाणी घेतलं नाही. "थंडी अंगात शिरली की वाईट भाडेकरू," म्हणायच्या, "निघायचं नाव घेत नाही."

गेल्या वर्षी त्यांचं काळीज बिथरलं. मध्येच उधळायचं, मध्येच अडखळायचं. एकदा बदक तोडता तोडता सुरा हातातून गळला आणि तोंडातून शब्द फुटेना. थोड्या वेळानं सगळं परत आलं. पण डॉक्टर म्हणाले, हृदयाचा वरचा कप्पा नुसता थरथरतोय, रक्त तिथे साकळतंय, त्यातली गुठळी मेंदूत गेली होती. पुढची गुठळी अशी सोडून देईलच असं नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या लगेच सुरू झाल्या. खरा उपाय वेगळा होता: जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयात न्यायची, टोकाला छोटा फुगा, आणि जिथून चुकीचे ठोके उठतात ती जागा गोठवून टाकायची.

"काळजात बर्फ?" काकू म्हणाल्या. "मेल्यावर ठेवतातच की. घाई काय आहे?"

"आई, नखाएवढी जागा गोठवणार," लेक पेई-ओन म्हणाली. "तू अख्खं बदक फ्रीजरमध्ये कोंबतेस."

"बदक मेलेलं असतं गं."

तरी तयार झाल्या. त्या सुऱ्यामुळे. आपल्याच दुकानात आपल्याला शब्द सापडत नाही, ही भीती बर्फापेक्षा मोठी होती.

मग काकूंची मोठी बहीण छुन-की आली, हातात पातेलं. "एवढी थंडी आत जाणार तर आधी ऊब भरून घे. रिकाम्या घरात चोर शिरतो." आत तांगक्वीच्या मुळीचं काळं, कडू सूप. आमच्याकडच्या बायका रक्त भरावं म्हणून जन्मभर पितात तेच. रोज सकाळी ताई यायची, काकू वाटी तोंडाला लावायच्या, लेक कामावर गेलेली असायची.

दवाखान्यात नर्सनं विचारलं होतं, मुळ्याबिळ्यांचं औषध घेता का? काकू नाही म्हणाल्या. खोटं नव्हतं ते. सूप म्हणजे जेवण, जेवणाचं कोण डॉक्टरला सांगतं?

ऐन वेळी रक्त तपासलं तर इतकं पातळ, की शिरेला टोचलं तर थांबणार नाही. कपडे बदलून झोपलेल्या काकूंना उठवून घरी पाठवलं.

पेई-ओननं घरी येऊन पातेल्याचं झाकण उचललं. वासावरूनच ओळखलं.

"मावशी, गोळ्या आणि ही मुळी एकत्र? रक्त वाहून मेली असती ती."

"मी मारायला आणलं का?" छुन-की म्हणाली. पातेलं तिथेच टाकून निघून गेली. तेव्हापासून आली नाही.

आता नवी तारीख लागायची आहे. तोवर डॉक्टर गोळी कधी कमी करतात, कधी जास्त, रक्त धड पातळ नाही, धड घट्ट नाही. काकू थंड चुलीसमोर बसून मुठी उघडतात, मिटतात, हात आपलाच आहे ना बघतात. सगळ्या गिऱ्हाइकांची नावं पुटपुटतात, एखादं अडलं की चेहरा उतरतो. काल मला एवढंच विचारलं, "ताई दिसली का गं बाजारात?"

दिसली होती. वळून दुसऱ्या गल्लीत गेली.

तुम्ही कधी त्या स्टुलांवर बसला असाल तर काकूंना भेटून या. लवकर जा. सकाळीच जा, दुपारनंतर आजाऱ्याकडे गेलेलं आमच्यात चालत नाही. खायला काही नेऊ नका. काकू नाव घेऊन हाक मारतील, मारू द्या, सापडेपर्यंत थांबा. आणि वाटेत छुन-की ताई दिसल्या तर हात धरून त्यांनाही घेऊन जा.