एकच चटई

"ता खंय येतला उन्हात? रंग काळो पडात मां तेचो!"

काकी शेजारणीला सांगत होती. दोघी घरापुढच्या खळ्यात कोकमं फोडत बसल्या होत्या आणि मी पडदा ओढलेल्या खिडकीमागे.

"इंग्लिश शाळेतला चेडू मां ता," शेजारीण हसून म्हणाली.

ते चेडू, म्हणजे मुलगी, मीच. मी न वाचलेलं पान उलटलं.

त्या मे महिन्यात मी तोंडावरच्या पुळ्यांसाठी रोज गोळी घेत होते. कुडाळच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, ही चालू असेपर्यंत उन्हात जायचं नाही. मी ते फारसं मनावर घेतलं नाही. पहिल्याच आठवड्यात कपडे वाळत घालायला अर्धा तास बाहेर गेले, आणि हातांना, नाकाला, कानांच्या पाळ्यांना तापलेला कालथा लागावा तशी आग सुटली. काकीला म्हटलं, घामोळं आलंय. पुळ्यांसाठी डॉक्टर गाठला, हे सांगायची लाज वाटली.

सोलं दरवर्षी आम्ही दोघीच करायचो. कोकमाची सालं दिवसभर उन्हात, संध्याकाळी त्याच्याच रसात बुडवायची, सकाळी परत उन्हात. काळी आणि मऊ होईपर्यंत रोज तेच. काकी दोन चटया अंथरायची, एक तिची, एक माझी. यंदाही अंथरल्या. "येतंस गो?" तिने तीन दिवस विचारलं. मी कधी डोकं दुखतंय म्हटलं, कधी अभ्यास आहे. चौथ्या दिवशी तिने विचारलं नाही. सहाव्या दिवशी खळ्यात एकच चटई होती, आणि काकी वाकून तिच्यावरच सगळी सालं दाटीने पसरत होती. दाटीने पसरलेली सालं आतून ओली राहतात, हे तिनेच मला शिकवलेलं. खिडकी उघडून तेवढं तरी सांगता आलं असतं.

शेवटच्या संध्याकाळी ती पडवीत बरणी भरत होती. बुरशी आलेली सालं बाजूला टाकत होती; तो ढीग बरणीत मावला नसता. ऊन केव्हाच उतरलं होतं. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिने वर पाहिलं नाही.

घरात मी एरवी शाळेतलंच मराठी बोलते. तेव्हा मात्र म्हटलं, "काकी, माका ऊन सोसना नाय. पुळ्यांची गोळी घेतंय, तेणी आंग भाजता. पण रस सांजचो लावतत गो. तेवा तरी मी येवक होया होता."