डाळिंबसालीच्या रंगाचं फूल

उझबेकिस्तानातल्या मर्गिलान गावच्या एका गल्लीत ओयनिसाआपाच्या अंगणाला लोक फुलांच्या सोयरिकी जमवायचं घर म्हणत. सकाळी दव सुकलं की बाई चिमटा घेऊन आयरिसच्या ताटव्यात उकिडवी बसे. एका फुलाचे पराग काढून दुसऱ्याला लावी आणि लगेच त्याच्या लोंबत्या पाकळ्या खुडून टाकी, म्हणजे मधमाशीला टेकायला जागाच नको.

"मधमाश्यांच्या पोटावर पाय देतेस गं!" शेजारणी हसत.

"त्या डोळे मिटून जमवतात. मी घराणं बघून जमवते."

तिचं आयुष्य रेशीम रंगवण्यात गेलेलं. डाळिंबाच्या सालीनं रेशमावर चढतो तो तांबूस पिवळा रंग तिला फुलात हवा होता. त्यापायी कितीतरी रोपं तिनं फुलल्याबरोबर उपटून उकिरड्यावर फेकली होती. यंदा एका रोपानं पहिलंच फूल दिलं आणि रंग अगदी तोच निघाला. रोप एकच, दुसरं कुठं असणार?

नेमकी त्याच सकाळी तिच्या लेकीला, दिलराबोला, मागणी घालायला मुलाची आई मुअत्तरआपा आली. दस्तरखान पसरला, रोट्या मांडल्या, पण पाहुणीची नजर ताटव्यावर.

"अगं बाई, काय रंग आहे! असं फूल जन्मात पाहिलं नाही."

ओयनिसा पेचात पडली. पाहुण्यानं वाखाणलेली वस्तू पाहुण्याला द्यायची, हे त्या मुलखाचं बाळकडू. नाही म्हणावं तर सोयरीक फिसकटणार, हो म्हणावं तर इतक्या वर्षांचं तप दुसऱ्याच्या कुंपणात. पाहुणीनं "राहू द्या" म्हणायचं असतं, पण मुअत्तरआपा ढिम्म.

"देऊन टाक ना, आई," चहा ओतता ओतता दिलराबो म्हणाली. "ते जाईल तिथं मी असेनच की. पाणी मी घालीन."

मागणीच्या बैठकीत मुलीनं तोंड उघडायचं नसतं. मुअत्तरआपाची पियाली ओठापाशी थबकली, आणि मग ती पोट धरून हसली.

"जीभ आईवर गेलीये हो पोरीची!"

"वाण माझंच आहे," ओयनिसा म्हणाली. चिमटा घेऊन ती उठली, पाहुणीच्या देखत नव्या फुलाचे पराग काढले आणि शेजारच्या फुलाला लावले, म्हणजे रोप गेलं तरी त्याचं बी अंगणात राहील. मग वळून म्हणाली,

"मुअत्तरआपा, आयरिसचा गड्डा फुलावर असताना हलवत नाहीत. उन्हाळा सरल्यावर या, लग्नही तेव्हाच धरू. तोवर ताटव्यातली नि घरातली, दोघीही लेकी माझ्या आहेत."