आत्याने करवलेली सही

शालूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी कमानिया गेटजवळ तिच्याच कोर्टाच्या कागदांच्या झेरॉक्स काढत उभी होते. फोन तिच्या महाराजपुरच्या शेजारणीचा. "दीदी चली गईं," एवढंच ती म्हणाली. दुकानदाराने विचारलं, बाकीची पानं राहू देऊ का... मी म्हटलं, नाही, सगळी काढा. अर्धेच कागद घेऊन गेले असते तर आत्याने मला घरात घेतलंच नसतं.

आत्याची सगळी नोकरी खमरियाच्या कारखान्यात, माल तपासण्यात गेली. वाचल्याशिवाय तिने कधी कशावर सही केली नाही. लग्नपत्रिकासुद्धा ती ओळीखाली बोट ठेवून वाचायची, आणि आम्ही तिची टर उडवायचो. अशा बाईच्या मुलाने कोऱ्या कागदावर सही केली, तीही तिच्याच सांगण्यावरून. मंदारने भरधाव गाडी चालवून एका सायकलवाल्याला उडवलं. त्याचा पाय मोडला. गाडीतला मित्र पळाला, त्याची पिशवी मात्र मागे राहिली, आणि तिच्यात गांजा निघाला. ठाण्यात कागद पुढे आला तेव्हा मंदारने आईकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "साहेब म्हणून राहिले ना, कर सही. सरकारी कागद आहे." तीन पिढ्या सरकारी पगारावर जगलेल्या आमच्या घरात सरकारी कागदावर संशय घेणं कुणाला सुचलंच नसतं. कोर्टात त्याच सहीच्या वर जप्तीचा अख्खा पंचनामा लिहिलेला निघाला. अपघाताची दोन वर्षं आणि गांजाची दहा, अशी शिक्षा झाली.

आत्या रडली एकच दिवस. मग तिने दोन्ही प्रकरणांचे कागद जेवणाच्या टेबलावर शेजारीशेजारी मांडले आणि भिंग घेऊन बसली. अपघाताच्या कागदात गाडी चार वाजताच क्रेनने ठाण्यात पोचली होती. पंचनाम्यात मात्र साडेपाच वाजता, रस्त्यावर, त्याच गाडीच्या सीटखालून पिशवी निघत होती. वकील खूश झाले. म्हणाले, दोन्ही शिक्षांवर अपील करू, अपघाताचे साक्षीदारही कच्चेच आहेत. आत्या नाही म्हणाली. "गाडी त्याने ठोकली आहे, वकीलसाहेब. दोन वर्षं तो भोगेल. दहा नाही भोगणार." मी चिडले. म्हटलं, "आत्या, पोरगा तुझा आहे. काहून हट्ट करून राहिली?" ती म्हणाली, "तो सायकलवाला पण कोणाचा तरी पोरगाच आहे, रेखा."

मग हायकोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. सकाळच्या बसने जायचं, पोळीभाजीचा डबा, दिवसभर बाकावर बसायचं आणि पुढची तारीख घेऊन परत. मला उपजतच घाई. तिसऱ्या वर्षी मी तिला सांगून टाकलं, आता पुरे, तुझी तब्येत बघ. "सही मी करवली," ती म्हणाली, "सोडवणार पण मीच." तेव्हा मला तिचा राग आला होता, आज त्या रागाची लाज वाटते. शेवटची भेट झाली ती अपिलाची सुनावणी संपली त्या दिवशी. पायऱ्यांवर बसून केळं सोलता सोलता म्हणाली, "निकालाची नक्कल मिळेल ना, तर पान पान तपासशील. घाई नको करू..."

निकाल तिच्या तेराव्यानंतर लागला. गांजाच्या प्रकरणातून मंदार निर्दोष सुटला. अपघाताची शिक्षा तशीच राहिली, ती त्याने केव्हाच भोगून संपवली होती.

त्याला आणायला मी तुरुंगाच्या फाटकाशी गेले. जाळीतून आतलं टेबल दिसत होतं. तुरुंगाच्या कारकून बाबूने सुटकेचा कागद मंदारपुढे सरकवला. "साइन करो भैया, घर नहीं जाना क्या?" मंदारने पेन हातात घेतलं, पुन्हा खाली ठेवलं. "पहले पढ़ लूँ," म्हणाला, आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवून वाचू लागला. बाबू घड्याळाकडे पाहत राहिला. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी त्याला म्हटलं, थांबा, वेळ लागेल.