जेवायला न बसणारा हिरो

आमच्या मामूंना जगातली कुठलीही वस्तू दाखवा, ते आधी तिचे गुडघे शोधतात. गुडघे सापडले नाहीत तर त्या वस्तूवरचं त्यांचं मन उडतं. शेजारच्या वकिलांनी नवी मोटार घेतली, पेढे वाटले. सगळे रंग बघत होते, आत बसून बघत होते, आणि मामू रस्त्यावर आडवे होऊन मोटारीच्या पोटाखाली डोकावत होते. बाहेर आले, कपडे झटकले आणि म्हणाले, "गुडघे कडक हायेत. अहमदपूरच्या रस्त्याला टिकणार न्हाईत." वकील महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हते. गल्लीत एक नवी सून आली तेव्हा तर कहरच झाला. सगळ्यांनी तिचं तोंड बघून नारळ दिला. मामूंनी तिची चाल बघितली आणि भरल्या घरात सासूला सांगितलं, "पोरीच्या डाव्या चपलेला अर्धं बोट जाड तळ लावा, कंबर दुखायची थांबंल." सासूबाईंनी आकाशपाताळ एक केलं. दोन महिन्यांनी त्याच सासूबाई सुनेची चप्पल पिशवीत घालून गुपचूप मामूंच्या दुकानात आल्या.

मामू माझे सख्खे मामा नव्हेत. आमच्याकडे लातुरात वडीलधाऱ्या मुसलमान कारागिराला मामू म्हणायची रीत आहे, तेवढंच नातं. माझ्या क्लासच्या जिन्याखाली त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. म्हणजे दुकान आधीचं. क्लास नंतर त्याच्या डोक्यावर उभा राहिला. मी पत्र्याच्या खोलीत फिजिक्स शिकवायला लागलो तेव्हा समोर सात पोरं होती. पुढे गावोगावची पोरं बोजाबिस्तरा घेऊन लातुरात उतरायला लागली, खोल्यांवर खोल्या चढल्या, आणि माझा फोटो माझ्यापेक्षा मोठा होऊन चौकात लागला. मामूंवर याचा काही परिणाम झाला नाही. जिन्यावरून उतरणाऱ्या पोरांकडे बघून ते एवढंच म्हणत, "सर, दिवसभर बसून राहिलेत लेकरं. डॉक्टर व्हतील, पण गुडघे चाळिशीत जातील."

सायकलवाले मामू पायवाले मामू झाले ते भूकंपानंतर. शिबिरं झाली, मोठ्या गाड्या आल्या, ज्यांचे पाय गेले होते त्यांना लाकडा-लोखंडाचे पाय बसवून निघून गेल्या. भली माणसं होती, त्याबद्दल वाद नाही. पण दोन वर्षांनी पट्टा तुटला, गुडघा अडकला, तर जायचं कुठं? मुरूडकडचा एक म्हातारा आपला पाय काखोटीला मारून थेट मामूंकडे आला. म्हणाला, "चाक फिरवता न्हवं? हा गुडघा फिरवा." मामूंनी असलं यंत्र जन्मात बघितलं नव्हतं. त्यांनी म्हाताऱ्याला बाकड्यावर बसवलं, चहा सांगितला आणि सायकलच्या पान्यानं पाय उघडला. तेव्हापासून सायकली मागं पडल्या.

पाय दुरुस्त झाला की मामूंची एक ठरलेली पद्धत. गिऱ्हाइकाला पुढे चालायला लावायचं आणि आपण मागून कान देऊन चालायचं. बारीक कट् असा आवाज आला तरी परत दुकानात. लोहा गावच्या एका माणसाच्या पायाचा आवाज काही केल्या थांबेना, आणि त्याची एसटी सुटायला आली. मामू आवाज ऐकत ऐकत स्टँडवर गेले, ऐकत ऐकत गाडीत चढले आणि हातात पाना घेऊन अहमदपूरला उतरले. "आवाज गेला," असा तिथून फोन आला. मामी जेवायला थांबल्या होत्या. त्या काय म्हणाल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझी थोरली बहीण, अक्का, ही त्यांची तिसरी का चौथी गिऱ्हाईक. भूकंपात भिंत तिच्या उजव्या पायावर पडली आणि पाय मांडीपासून कापावा लागला. मामूंनी तिला चालतं ठेवलं, जिने चढवले, शेतात नेलं. एकच गोष्ट त्यांना जमली नाही. तो गुडघा मागेपुढे वाकायचा, बाजूला वळायचा नाही. त्यामुळे अक्काला मांडी घालून खाली बसता यायचं नाही. वीस-बावीस वर्षं प्रत्येक पंगतीत बाया खाली ओळीनं बसायच्या आणि अक्का भिंतीकडेला खुर्चीवर, मांडीवर ताट घेऊन, एकटी जेवायची. मग तिच्या लेकीचं लग्न ठरलं. भावजींनी कन्यादानासाठी दोन खुर्च्या सांगितल्या. अक्कानं खुर्च्यांना नकार दिला आणि सरळ मामूंचं दुकान गाठलं. "मामू, लेकीचं कन्यादान पाटावर बसून करायचंय. मांडी घालून."

"बसाल," मामू म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी मला खाली बोलावलं. "सर, जबान देऊन बसलो. कसं करायचं, काय बी ठावं न्हाई." पण चेहऱ्यावर काळजी नव्हती. काम ठरलं होतं, आता ते व्हायचंच, अशा माणसाचा चेहरा होता.

त्याच आठवड्यात मला अमेरिकेतून एक खोकं आलं. माझा एक जुना विद्यार्थी तिकडे बड्या नोकरीवर आहे. "सर, माझे खरे हिरो तुम्हीच," अशी चिठ्ठी आणि आत एक सुपरहिरो. हातभर उंच बाहुला, अंगाला चिकटलेला काळा पोशाख, पाठीवर जांभळा झगा, बदलायला पंजांच्या सहा जोड्या, खोक्यावर मर्यादित आवृत्तीचा क्रमांक, सोबत प्रमाणपत्र. त्याचं नाव मला आजही धड घेता येत नाही. माझ्या ऑफिसातली पोरं हरखली. म्हणाली, सर, सील फोडू नका, याची किंमत सीलमध्येच असते. आणि आधी कुणाकडून तरी तपासून घ्या, असली आहे की नकली. आता लातुरात फिजिक्सचे तज्ज्ञ पैशाला पासरी, पण हिरोचा तज्ज्ञ आणायचा कुठून? मी खोकं घेऊन जिना उतरलो.

"मामू, सील न फोडता—" एवढं माझं बोलून होईपर्यंत मामूंनी सील फोडलं होतं.

तपासणी चार दिवस चालली. डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून मामूंनी सगळे सांधे मोजले, तेलाचं बोट लावून फिरवले, कान लावून ऐकले. न राहवून मी विचारलं, "मामू, तोंडाचं काम कसं आहे? डोळे बघा की, किती जिवंत वाटतात!"

"तोंडाचं मागून बघू. तोंडाला वजन पेलावं लागत न्हाई."

पाचव्या दिवशी निकाल लागला. "मान अव्वल. खांदे अव्वल, असले खांदे मी माणसाचे बी कमी बघितलेत. घोटा तिरपा व्हतो, म्हंजे ढेकळातनं चालंल. माल असली हाय, कारीगरी लाजवाब. पण सर, नापास."

"नापास?"

"मांडी घालत न्हाई. उडंल, लढंल, दुनिया वाचवंल. मंग जेवायला कुठं बसंल?"

सांगायला संकोच वाटतो, पण मला राग आला. माझा एकही विद्यार्थी असा तोंडी परीक्षेत नापास झाला नव्हता. मी तिरीमिरीत म्हणालो, "अहो, एवढी तंग विजार घालून कोण मांडी घालेल? ती काढून तरी बघा!"

मामूंनी विजार उतरवली. तोवर जिन्यावर माझी पन्नासेक पोरं तास बुडवून उभी होती. हिरोच्या मांडीवर, गुडघ्याच्या चार बोटं वर, एक बारीक आडवी रेघ होती. मामूंनी रेघेखालचा पाय धरून पिळला. तो गर्रकन बाहेरच्या बाजूला फिरला. मग त्यांनी गुडघा वाकवला, दुसऱ्या पायाचंही तसंच केलं, आणि जगाचा तारणहार मामूंच्या टेबलावर मांडी घालून बसला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मामू मात्र त्या रेघेवरून बोट फिरवत होते.

"वीस वर्सं," ते हळू म्हणाले, "मी गुडघ्यातच हुडकून राहिलो. वळायचं काम मांडीचं व्हतं."

पण नुसता फिरणारा पाय माणसाला उभं राहू देणार नाही, पहिल्या पावलाला पाडेल. हिरो मात्र उभा केला की ठाम उभा राहत होता. म्हणजे आत काहीतरी धरून ठेवणारं होतं, आणि ते बघायचं तर मांडी कापावी लागणार होती. मामूंनी करवत उचलली आणि माझ्याकडे बघितलं. "सर, कापू?"

मी लगेच हो म्हणालो नाही. खोक्यावरचा क्रमांक आठवला, प्रमाणपत्र आठवलं. मी अक्काचा सख्खा भाऊ, आणि मला विचार करावा लागला, याची मला अजून लाज वाटते. मग म्हणालो, "कापा."

आत बारीक दाते निघाले आणि एक स्प्रिंग. मामूंनी तसाच खटका अक्काच्या पायासाठी पोलादात घडवायला घेतला. पहिला खटका तुटला. दुसरा असा अडकला की अक्का दुकानात खाली बसली ती तासभर उठेना. तिथेच बसून तिनं दोनदा चहा घेतला आणि पोटभर हसली. तिसरा ऐनवेळी सुटला आणि अक्का पडली, कोपर सोललं. भावजी भडकले, "पुरे झालं. मी खुर्च्या आणतोच!" अक्का म्हणाली, "आणा, आन् बसा तुमी." मी फळ्यावर बलांच्या आकृत्या काढून मामूंना नेमका कोन समजावून सांगितला. त्यांनी मन लावून ऐकलं, "हाव, बरोबर," म्हणाले आणि आपल्या मनानं वेगळंच केलं. चौथा खटका त्यांनी छताला टांगला, त्याला दोन पोती ज्वारी लटकवली आणि आठवडाभर तसाच ठेवला. तो हलला नाही.

लग्नात अक्का पाटापाशी आली. लुगड्यावरूनच तिनं मांडीवर बोट दाबलं, पाय वळवला आणि खाली बसली. मांडी घालून, ताठ. भटजींनी पाणी मागितलं तेव्हा तांब्या माझ्या हातात होता, आणि मला समोरचं काही दिसत नव्हतं.

जेवणं टेबलावर होती, पण अक्कानं हट्टानं एक पंगत खाली मांडायला लावली आणि बायांच्या मधोमध जाऊन बसली. मी वाढत होतो, मामू कडेला उभे होते. "मामू, बसा की खाली," ती म्हणाली. "बसतो, बसतो," म्हणत मामूंनी इकडे तिकडे बघितलं आणि एक खुर्ची ओढली. दोन्ही हातांनी ती धरून ते सावकाश टेकले.

"माझे दोन्ही गुडघे गेले, बाई," ते म्हणाले. "दीड वरीस झालं. नमाज बी खुर्चीवरच पढून राहिलो."

रोज त्यांच्या डोक्यावर मी शिकवतो, मला हे माहीत नव्हतं. अक्काचा हात ताटातच थांबला. "मंग सोताचं कायतरी करा की, मामू!"

"हे वरच्यानं बसवलेले हायेत. त्याचे पुर्जे माझ्यापाशी न्हाईत."

अक्कानं मांडीवरचा खटका दाबला, माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली आणि बुंदीचं भांडं घेऊन स्वतः त्यांना वाढायला गेली. मामूंनी मांडीवर ताट घेतलं. त्या पंगतीत खुर्चीवर बसून जेवणारे ते एकटेच होते.